डावे-उजवे शिंपले

शिंपल्यात डावं-उजवं असतं, हे फोटोफ्रेम विकत घेणाऱ्यांच्या गावीही नसतं. पण फ्रेमच्या डाव्या कडेला डावे आणि उजव्या कडेला उजवे लावले, तरच मधला फोटो खुलून दिसतो. नाहीतर सगळी फ्रेम कलल्यासारखी वाटते. गिऱ्हाईक ती हातात घेतं, जरा बघतं आणि परत ठेवतं.

आमच्या घरात निवडायचं काम सासूबाईंचं, चिकटवायचं माझं. अलीकडे त्यांच्या दोन्ही ताटांत डावे-उजवे सर्रास मिसळलेले असतात. दुपारी त्या आडव्या झाल्या की मी मुकाट्याने सगळे पुन्हा निवडते. कुणाला बोलले नाही. कारण मागे एकदा जेवताना नवरा सहज म्हणाला होता, "आईच्यानं काम होत नसेल तर तिला दादाकडे पाठवू. तेवढाच आराम." थोरल्या दिरांकडे आराम म्हणजे काय, तर सगळे कामावर, बाहेरून कुलूप आणि आत म्हातारी एकटी. सासूबाईंचा घास हातातच राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याआधी कामाला बसायला लागल्या.

मी काही देवमाणूस नाही. पाठ भरून आली की मनातल्या मनात त्यांचा उद्धार करते. काल तर कंबर अशी धरली होती की म्हटलं, मरू दे, असतील बरोबर. आणि आहेत तसे लावून टाकले.

आज नवरा फ्रेम कागदात गुंडाळायला बसला. तिसरी उचलली आणि थांबला.

"हे काय केलंस? काही इकडे तोंड करून बसलेत, काही तिकडे."

"चुकलं माझं. घाईत लावले."

"इतक्या वर्षांनी?"

"मग काय, चुकायला परवानगी काढायची होती?"

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं.

"तिचं नाही रे चुकलं. मीच भलते निवडले. मला दिसत नाही आता नीट. थोरल्याला फोन कर. माझं सामान ते कितीसं."

खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचाच राग आला.

"फोन कसला? आधी डोळे दाखवून येऊ," मी म्हटलं.

"आणि नाही सुधारले तर?"

"तर मी पुन्हा निवडीन. आत्ताही तेच करते."

फोन काढून बसलेला नवरा माझ्याकडे वळला. त्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"ते ठाऊक आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "दुपारी झोप कुठं लागते? रोज खळखळ ऐकत पडलेली असते. म्हणून तर जाते म्हणते."

मला रडू यायला हवं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं. मी कोपऱ्यातली न निवडलेल्या शिंपल्यांची गोणी ओढत आणली आणि त्यांच्यासमोर मोकळी केली.

"आजपासून डावं-उजवं माझ्याकडे. तुम्ही फक्त फुटके बाजूला काढा. कड फुटलेली बोटाला कळते ना?"

"कळते."

"मग झालं तर."

नवऱ्याने फोन खिशात टाकला. सासूबाई पुढे सरकल्या आणि एकेका शिंपल्याच्या कडेवरून अंगठा फिरवायला लागल्या.