केलरबाईचं भांडं

आमच्या मालकांना व्हिडिओ कॉल उचलता येतो, पन मोबाईल धरता येत न्हाई. लेक जर्मनीतून बोलती अन् हे तिला वरचा पंखा दाखवीत बसत्यात. "आवो, पोरगी काय पंखा बघायला फोन करती व्हय?" असं म्हनून मी दर रविवारी त्यांच्या हातातला मोबाईल हिसकावून घेते. म्हनून त्या रविवारी निकिता रडायला लागली ती आधी मलाच दिसली. मालक शेजारी बसून तंबाखू मळत हुते, त्यांना काय पत्ता बी न्हाई.

"आई, मी गुढीपाडव्याला येते," ती म्हनली. "कायमची येते. मला नाही राहायचं इथं."

खरं सांगू का? ते ऐकल्यावर मला आधी आनंद झाला. झाला तर झाला, आईचं काळीज हाय, दगड न्हाई. 'ये' हा शब्द पार जिभेवर आला हुता. पन पोरीचं तोंड बघितलं अन् तो मागं घेतला. घरी यायच्या आनंदात असलेली पोर असलं तोंड करत न्हाई. हरून आल्यावर मानूस असलं तोंड करतं.

निकिता आमची एकुलती एक. आमी तिसगावची मान्सं, पोरगी नर्स होईपतुर दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जानारी. अर्धं आयुष्य मी कारखान्याच्या रानात कोपी म्हनजे पाचटाची झोपडी घालून काढलं, पाचटावर झोपले. पन पोरीच्या हातात कोयता द्यायचा न्हाई, एवढं ठरवलं हुतं. तिला पाथर्डीला वसतिगृहात ठिवली. ती नर्स झाली, पुन्याला दवाखान्यात लागली, रातंदिस घोकून त्यांची भाषा शिकली अन् भादव्यात जर्मनीला गेली. कासेल म्हनून शहर हाय. मालकांनी सगळ्या आळीला पेढे वाटले. इचारा त्यांना कुठं हाय कासेल, तर म्हनत्यात, "मुंबईच्या पुढं."

"काय झालं गं?" मी इचारलं. "दवाखान्यात कुनी बोललं का?"

"नाही. काम चांगलंय. पण घरी आले की कुणीच नसतं, आई. जिन्यात माणसं भेटतात, हॅलो म्हणतात अन् दार लावून घेतात. सुट्टीच्या दिवशी माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. आता तर केलरबाईपण बोलत नाहीत."

केलरबाई म्हनजे तिच्या समोरच्या दारातली म्हातारी. नवरा वारला, लेकरं लांब, एकटीच राहती. नाव काय ते तिकडचं लांबलचक हाय, आमी आपली केलरबाई म्हनतो. निकिता नव्या घरात गेली त्याच आठवड्यात ह्या बाईनं सफरचंदाचा केक केला अन् आपनहून दारात आनून दिला. पोरगी केवढी हरखली हुती! केक हुता त्या चिनीमातीच्या भांड्याला काठानं निळी येल. निकितानं मला ते सगळ्या बाजूनं फिरवून दाखवलं. मी म्हनले, "बाई बाई, आमी जलमभर जर्मनची पातेली घासली, पन जर्मनीचं भांडं आज बघितलं." लई हसलो तवा.

अन् मंग तिथंच मी माती खाल्ली.

निकिता म्हनली हुती, "आई, भांडं धुऊन ठेवलंय. उद्या देऊन टाकते." मी तिच्यावर वरडलेच. "रिकामं? खबरदार! शेजारनीचं भांडं रिकामं देत्यात का? काय म्हनंल ती, ह्यांच्यात काही रीतभात हाय का न्हाई? थांब, मी लाडू पाठवते. खाऊन बघू दे म्हनावं तिसगावचा लाडू." शेंगदाने भाजले, गूळ चिरला, वर गावरान तूप सोडलं. स्टँडजवळ अजिनाथचं कुरियरचं दुकान हाय, त्याच्याकडं डबा नेऊन दिला. त्यानं इचारलं, "मावशी, तूप हाय का ह्यात?" मी म्हनले, "तुपाबिगर लाडू तुज्या घरी करत आसतील!" बिचाऱ्यानं डबा तसाच बांधला. पार्सल तिकडं जाऊन सरकारी तपासनीत अडकलं. दुधातुपाचं आत घेत न्हाईत म्हनं. मी रोज दुकानात जायची अन् अजिनाथ रोज म्हनायचा, "निघालंच बघा मावशी." निघालं कशाचं डोंबल!

इकडं मी लाडवाची वाट बघती अन् तिकडं पोरगी लाडवाची वाट बघती. भांडं आपलं तिच्या फळीवर बसून हाय. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आता भांडं ठिवून घेतलेल्या मान्सानं त्या बाईपुढं जायचं कुठल्या तोंडानं? बाईच्या दाराचा आवाज आला की ही घरात थांबायची. बाई जिना उतरून गेली की मंग बाहेर पडायची. ही दवाखान्यात लोकांना सुया टोचनारी पोर, अन् एका म्हातारीला भिऊन दारामागं उभी! हे सगळं ती मला त्या रविवारी सांगत हुती.

"आधी हसून बोलायच्या गं. परवा जिन्यात समोरासमोर आलो तर त्यांनी मानच फिरवली. त्यांना वाटत असणार, भांडं ढापलं पोरीनं."

एवढ्यात मालकांच्या कानात काहीतरी गेलं. "येती का पोरगी? ये, ये! नगरला पायजे तेवढे दवाखाने हायेत!" असे खूश झाले की तंबाखू सांडली.

मी म्हनले, "तुमी जरा गप बसा."

कारन मला एकदम विजयमाला आठवली. लगीन झालं त्या साली मी पहिल्यांदा टोळीबरोबर सांगलीकडं गेले हुते. नवी नवरी, कुनाची वळख न्हाई, रडून रडून डोळं सुजल्यालं. पहिल्याच सांजंला शेजारच्या कोपीतली बाई आली अन् वाटीभर कालवन ठिवून गेली. ती विजयमाला. माज्याकडं परत द्यायला काय हुतं? काही न्हाई. मी वाटी घासली, तळाला चिमूटभर साखर टाकली अन् दुसऱ्या दिवशी फडावर जायच्या आधी नेऊन दिली. तिनं साखर बघितली बी न्हाई. "बस की गं," म्हनली. त्या एका 'बस की'वर मी तो आख्खा हंगाम काढला. तिनं मला उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधायला शिकवलं, ताप आला तवा माज्या भाकरी थापल्या.

अन् मी माज्या लेकीला काय शिकवलं? आगं, वाटीत काय घातलं ह्याला कोन इचारतं! वाटी द्यायच्या निमित्तानं परत त्या दारात जायचं, रीत एवढ्याचसाठी असती. मला मातर जर्मनीत तिसगावचं नाव काढायचं हुतं. माज्या लाडवाच्या मिजाशीपायी पोरगी एवढे महिने दारामागं उभी राह्यली. स्वतःचीच अशी चीड आली म्हनून सांगू!

"निकिता, घरात साखर हाय का?"

"आहे. का?"

"ते भांडं घे, त्यात साखर टाक अन् आत्ताच्या आत्ता समोर देऊन ये."

"साखर? आई, वेडी म्हणतील मला! इथं कुणी असं करत नाही."

"म्हनू दे वेडी. चोर म्हनन्यापरीस बरं."

ती डोळं पुसत हसली. मंग म्हनली, "आई, इथली साखर उसाची नसते. बिटाची असते."

मला ते खरंच वाटंना. "उसाबिगर साखर? मंग फडात कोन जातं?"

"कुणी नाही जात. मशीन बीट काढतं."

कोपी न्हाई, कोयता न्हाई, अन् साखर गोडच! तेवढ्यात पोरगी म्हनली, "आई, फोन चालू ठेवते हं. तू बरोबर राहा."

"न्हाई," मी म्हनले. "बंद कर. एकटी जा."

अन् तिच्या आधी मीच बंद केला. मालक माज्यावर खवळले. "आगं, पोरगी घरी येती म्हनती अन् तू तिला साखर काय वाटायला लावती? आई हायस का कोन?" मी सरळ भाकरी करायला बसले, पन पहिलीच करपली. तासभर झाला तरी फोन न्हाई. बाईनं दारच उघडलं नसलं तर? काही लागंल असं बोलली असली तर? पोरीनं उद्याच तिकीट काढलं असतं, अन् त्याला बी मीच कारन.

सांजंला फोन आला. निकिता एवढ्या जोरानं बोलत हुती की मालक लांबून ऐकत हुते.

"आई, त्यांनी दार उघडलं अन् मी भांडं पुढं केलं. त्यांना वाटलं, मी साखर उसनी मागायला आलेय. बघतात तर भांड्यात साखर! मला जर्मन शब्दच आठवेनात. कसंबसं सांगितलं की आमच्यात भांडं रिकामं देत नाहीत, आईचे लाडू अडकलेत. तर त्या खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या."

"अन् भांड्याचं काय म्हनल्या?"

"त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं गं! त्यांना वाटायचं, केक आवडला नाही, म्हणून ही पोरगी आपल्याला बघून दारामागं लपते. त्यांनाच वाईट वाटलं होतं. मग मला बसवलं, कॉफी केली. तुझ्याबद्दल विचारत होत्या. तू ऊस तोडायचीस म्हणून सांगितलं तर तुझे हात बघायचेत म्हणाल्या."

"माजे हात काय बघायचे?" मी म्हनले अन् मोकळा हात पदराआड घेतला. मालकांनी मोबाईल घेतला अन् त्यांनी बी पंख्यासकट पोरीला आशीर्वाद दिला.

त्या दिवशी पाडव्याचं कुनी काढलं न्हाई. मी म्हनले, घाई नको, तिचं ती सांगंल. पुढच्या रविवारी मी सकाळपासून मोबाईल पदरात घेऊन बसले. दुपारी फोन आला. निकिताच्या अंगात कोट, गळ्याला मफलर गुंडाळलेला, पायात बूट. घरातच उभी, पन निघालेली.

"आई, पाचच मिनिटं हं. केलरबाई खाली थांबल्यात. आज शहरात जुन्या सामानाचा बाजार असतो. खिडकीला पडदे बघायचेत, अन् एखादं बसकं टेबल मिळालं तर."

महिन्या-दोन महिन्यांत जानारं मानूस टेबल घेत न्हाई. आमी कोपीला कधी पडदा लावला न्हाई. इचारावं वाटलं, पाडव्याचं काय गं? अन् लई वाटलं. पन तिच्या तोंडाकडं बघितलं. मागच्या रविवारचं ते हरल्यालं तोंड कुठंच नव्हतं.

"पडदे जाड घे," मी म्हनले. "थंडी हाय तिकडं. जा, म्हातारीला उभी करू नको."

फोन गेला. मालक भिंतीला टेकून बसले हुते. म्हनले, "पाडव्याला येती का न्हाई? इचारलंस का?"

"न्हाई इचारलं."

"का पन?"

"पोरगी नांदायला लागली, आवो."

त्यांनी डोळं मोठं केलं. "लगीन न्हाई, काय न्हाई, अन् नांदायला कुनाच्या घरी?"

"सवताच्या," मी म्हनले, अन् लेक सासरी लावून दिल्यावर आई रडती तशी पदर तोंडाला लावून रडले.