सायबाची शिदोरी

“मेलेल्या माणसाला शिदोरी बांधायलीस? डोकं ठिकाणावर हाय का तुजं?” लोकर कातता कातता टकळी थांबवून धुळाजीनं विचारलं.

भामाबाईनं ज्वारीच्या भाकरी फडक्यात घातल्या, वर शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि करकचून गाठ मारली. “लांबचा पल्ला हाय त्येचा. उपाशी धाडू व्हय?”

“हाडकं जेवत न्हाईत, म्हातारे.”

“गप बसा तुमी. दरसाल पित्राला त्येचं पान वाढताव, तवा कोण जेवतं मंग?”

धुळाजीनं टकळी पुन्हा फिरवायला घेतली. भामाबाईपुढं त्याचं कधीच चालायचं नाही.

युसूफ वडगावच्या शिवारात, त्यांच्या रानाच्या कडेला, लिंबाखाली एका सायबाचं थडगं होतं. निजामाच्या राज्यात कधीतरी हा गोरा अमेरिकेतून कापसाचं बी घेऊन लागवड करायला आला आणि तापानं गेला, एवढंच गावाला ठाऊक. नाव कुणालाच माहीत नव्हतं. भामाबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं घरची कामं सांगितली, त्यात हेही एक होतं. पाडव्याला थडगं सारवायचं, पित्राला सायबाचं पान वाढायचं. पुढं तिचं पहिलं पोर पाळण्यातच गेलं, तेव्हा ती याच लिंबाखाली येऊन पोटभर रडली होती. भरल्या घरात बाईमाणसाला रडायला जागा कुठली? सायबानं कधी ‘पुरे कर’ म्हटलं नाही. ते उपकार ती विसरली नव्हती.

आणि आता त्याची माणसं त्याला न्यायला येत होती. केजच्या शाळेत शिकवणाऱ्या सुनेनं, मोहिनीनं, ही बातमी आणली होती. एलेन नावाची अमेरिकेतली बाई आपल्या घराण्याचा माग काढत इथवर पोचली होती. सरकारची परवानगी काढून अस्थी आपल्या गावाकडं न्यायच्या, असं तिच्या मनात होतं. ‘नेऊ नका’ असं भामाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ज्याचं माणूस त्याला द्यायला नाही म्हणायचं तरी कसं?

दुपारच्या आत जीप आली. एलेनबाई सत्तरीची, उन्हानं लालबुंद झालेली. सारवलेलं थडगं आणि वरची झेंडूची ताजी फुलं बघत ती वाकली आणि तिनं एक फूल हातात घेतलं. मग बोलायला लागली. मोहिनी मराठीत सांगत गेली.

“आत्या, त्या म्हणतात, आमच्या घरात यांचं नाव कुणी काढत नाही. यांच्या बापाच्या कापसाच्या रानात विकत घेतलेली माणसं राबायची. त्याच पैशावर हे वाढले. पुढं बापाशी भांडून निघून गेले आणि परमुलखात बेवारशासारखे मेले, एवढंच सांगतात. त्यांना एकच विचारायचंय. शेवटी यांच्याजवळ कुणी होतं का?”

विकत घेतलेली माणसं! दुष्काळात भामाबाई ऊसतोडीला गेली होती, मुकादमाच्या शिव्याही तिनं खाल्ल्या होत्या. पण बाजारातून माणूस आणायचा, बैलासारखा? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं थडग्याकडं रागानं पाहिलं.

“लई वंगाळ केलं त्येनी,” ती म्हणाली. मग थडग्यावर पडलेला लिंबाचा पाला झाडत, “पर पोरी, सांग तिला. आमच्या ह्यांचा खापरपणजा धर्मराज हितं मेंढरं राखायलता. सायबाचे नोकर तापाला भिऊन पळालते. ह्यो एकलाच पालात पडून पाणी पाणी करायलता. धर्मराजानं त्येला दूध पाजलं, डोकं मांडीवर घेतलं. मांडीवरच गेला त्यो. पाप असंल त्येचं, पर तहान तर खरी व्हती न्हवं? तवापासून आमच्यात पित्राला एक पान जास्तीचं असतंय.”

मोहिनीनं ते सगळं इंग्रजीत सांगितलं. एलेनबाईनं रडत भामाबाईचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

“कावून रडतीस, माय?” भामाबाईचेही डोळे भरून आले.

“त्या म्हणतात,” मोहिनी म्हणाली, “एकटे पडलेत असं समजून मी यांना न्यायला आले होते. हे तर घरीच आहेत. राहू द्या त्यांना इथंच. तुमचे उपकार कसे फेडू?”

देवा रे! भामाबाईला हसावं की रडावं ते कळेना. तिनं शिदोरी उचलून बाईच्या ओटीत घातली. “मंग ही तूच घिऊन जा. आमच्या मांडीवर गेला, म्हंजी तू आमची सोयरीच की. आन् जाताना त्येचं नाव तेवढं सांग.”

“सॅम्युएल.”

“सामूल,” भामाबाई हळूच म्हणाली.

मोहिनीला घेऊन जीप गेल्यावर दोघं नवरा-बायको घरी जेवायला बसली. भामाबाईनं तिसरं ताट मांडलं.

“आज काय पित्र हाय?” धुळाजीनं विचारलं.

“न्हाई. सकाळधरनं जायाच्या तयारीत व्हता बिचारा. भूक लागली नसंल?”

धुळाजीनं या वेळी टिंगल केली नाही. भाकरी तर सगळ्या शिदोरीत गेल्या होत्या, दोनच उरल्या होत्या. त्यानं आपल्यातली अर्धी मोडून तिसऱ्या ताटात ठेवली. मग उठून दारात गेला आणि लिंबाकडं तोंड करून हाक मारली.

“सामूल, ये बे लवकर. भाकर निवायली.”