स्कंकच्या वासावरचे उपाय

टोमॅटोच्या रसाचा शेवटचा डबा एलरॉयने कुत्र्याच्या पाठीवर उपडा केला, आणि कुत्र्याने सगळं अंग झटकलं. शर्ट, चष्मा, अंगणातली पांढरी खुर्ची, सगळं लालभडक झालं. स्कंकचा वास होता तिथेच होता. त्यात आता टोमॅटोची भर पडली होती, इतकंच.

"चोळ, नीट चोळ!" कुंपणापलीकडून बर्नडीन ओरडली. "पोटाखाली राहिलं बघ!"

"हा उपाय तुझाच ना?"

"माझ्या आईचा. टोमॅटोने नाही गेला तर व्हिनेगर. त्यानेही नाही गेला, तर खायचा सोडा, पेरॉक्साइड आणि भांड्यांचा साबण. त्याने मात्र हमखास जातो."

"मग तेच आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? नुसता शिव्या देत होतास."

एलरॉयने हात टेकले. या बाईच्या घरातली एक वस्तू धड आपल्या कामाला वापरली जात नसे. टूथपेस्टने ती भिंतीतली खिळ्यांची भोकं बुजवी, मेयोनीजने टेबलावरचे कपाचे डाग काढी, आणि गांधीलमाश्या येऊ नयेत म्हणून कपडे वाळवायच्या ड्रायरमधले सुगंधी कागद टपालपेटीत ठेवी. 'मग यांच्याकडे दात कशाने घासतात गं?' असं एलरॉय बायकोला विचारायचा, आणि लव्हॉन हसत सुटायची. बर्नडीन तिची जिवाभावाची मैत्रीण. मार्चमध्ये लव्हॉन गेली, आणि तेव्हापासून हे सगळे उपाय कुंपणावरून थेट एलरॉयच्या डोक्यावर येऊन पडायला लागले.

कुत्रंही लव्हॉनचंच. मफिन हे नाव तिने ठेवलेलं. एलरॉय त्याला नुसतं कुत्रं म्हणायचा. सकाळी ते शेडखाली नाक खुपसायला गेलं आणि आत दडलेल्या मांजराएवढ्या काळ्यापांढऱ्या स्कंकने शेपटी उचलून त्याच्या तोंडावर घाणेरड्या वासाची पिचकारी मारली. तेवढं एलरॉयने माफ केलं असतं. विस्कॉन्सिनमध्ये कुत्रं पाळायचं म्हणजे हे कधी ना कधी व्हायचंच. पण डोळ्यांची आग आग झालेलं ते येडं दाराच्या झडपेतून आत घुसलं, मागच्या दाराशी खुंटीवर लटकणारा लव्हॉनचा निळा स्वेटर त्याने खाली ओढला आणि त्यात तोंड खुपसून बसलं. घाबरलं की ते तिच्या मांडीत असंच तोंड खुपसायचं.

तो स्वेटर मार्चपासून कुणी हलवला नव्हता. रोज सकाळी एलरॉय त्या खुंटीखाली बसून बूट घालायचा, आणि उठताना जरा रेंगाळायचा, कॉलरजवळ. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेल्या माणसाने असलं काही कुणाला सांगायचं नसतं. त्याने सांगितलं नव्हतं. त्या कॉलरमध्ये लव्हॉनचा वास होता. बाकी घरात ती कुठेच उरली नव्हती.

कसला वास, ते त्याला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं तो समजत होता, आपण दर नाताळला आणतो त्या सेंटचा असणार. निळ्या खोक्यातला, औषधाच्या दुकानातला महागडा सेंट. 'किती छान!' म्हणून ती त्याच्या गालाचा मुका घ्यायची. एप्रिलमध्ये तिचे खण आवरताना ती सगळी खोकी ओळीने सापडली, वरचा चकचकीत कागदसुद्धा न फाडलेली. त्याने एक उघडून हुंगलं. कोण जाणे कुठल्या परक्या बाईचा वास होता तो. खण बंद करून तो दोन दिवस तिच्यावर चिडून होता. मेलेल्या माणसाशी भांडायची सोय नसते, हा त्यातला सगळ्यात वैतागाचा भाग.

कुत्र्याला झाडाला बांधून एलरॉय गावात गेला. सोडा आणि पेरॉक्साइड घेऊन तो रांगेत उभा राहिला, तशी पुढची माणसं आपणहून बाजूला झाली.

"स्कंक?" गल्ल्यावरच्या बाईने नाक दाबत विचारलं. "आमचे वडील माऊथवॉश लावायचे."

"छे, छे! कॉफीची पूड!" मागून एक जण म्हणाला.

"लोकरीला चालते का?" एलरॉयने विचारलं.

"कुत्र्याला लोकर कुठली आली?"

एलरॉयने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गुपचूप च्युइंगमचे भाव वाचायला लागला.

घरी येऊन पाहतो तर अंगणात बर्नडीन. बाह्या वर सारलेल्या, पुढ्यात बादली, आणि बादलीत कोपरापर्यंत हात. हातात काहीतरी निळं.

"मागच्या दाराशी पडला होता," ती हौसेने म्हणाली. "म्हटलं, तू कशाला या भानगडीत पडतोस. व्हिनेगरमध्ये चांगला खळबळून काढलाय."

पिशवी त्याच्या हातातून सुटून गवतावर पडली.

"त्याला हात लावायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"अरे, पण वास किती मारत होता! आता जाईल बघ. सगळा वास जाईल."

"तेच तर!" एलरॉय ओरडला. "सगळा जाईल! तेच तर, बाई!"

बर्नडीनने स्वेटरकडे पाहिलं, मग एलरॉयकडे. तिने स्वेटर हलक्या हाताने पिळला, दोरीवर पसरला, कॉलर सरळ केली आणि पदराला हात पुसावेत तसे स्कर्टला पुसले.

ती फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

"घरात पण वास भरला असेल," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "एका वाटीत थोडा व्हॅनिला इसेन्स घे आणि मंद ओव्हनमध्ये ठेव."

"बर्नडीन, पुरे झालं! आज आणखी एकही उपाय नको."

"ऐक तरी. लव्हॉनची बाटली असेल ना अजून? तिचीच घे."

सोडा, पेरॉक्साइड आणि साबणाने कुत्रं खरोखर स्वच्छ झालं. याचाही त्याला रागच आला. उन्हं कलल्यावर त्याने दोरीवरचा स्वेटर काढला आणि कॉलर नाकाशी धरली. थोडं व्हिनेगर, थोडं ऊन. बाकी काही नाही. पुन्हा हुंगून पाहिलं, आणि मग तो तिथेच गवतात बसून रडला. कुत्रं बघत होतं, तर त्यालाही ओरडला.

घरात मात्र वासाने बसवेना. खिडक्या उघडून झाल्या, पंखा लावून झाला. शेवटी करवादून त्याने कपाट उघडलं. बाटली पुढेच होती, चांगली मोठी, निम्मी रिकामी. या बाटलीवरून तो किती कटकट करायचा. लव्हॉनचा आणि केक करण्याचा छत्तीसचा आकडा. वाढदिवसाला केक दुकानातून यायचा आणि ॲपल पाय चर्चच्या विक्रीतून. आणि तरी वाणसामान आणायला निघाला की ही मागून हाक मारणार, 'व्हॅनिला विसरू नकोस हं!' 'खातेस की पितेस?' असं बडबडत तो आणायचा. दर वेळी आणायचा.

त्याने झाकण काढून हुंगलं. दिवसभराच्या स्कंकने नाक बधिर झालेलं, दारूसारखा झणका तेवढा कळला. वाटीत ओतून त्याने ती ओव्हनमध्ये ठेवली आणि टेबलाशी बसला. कुत्रं खुर्चीखाली रुसून पडलं होतं.

थोड्या वेळाने कुत्र्याने मान वर केली.

ते उठलं. नाक हवेत धरून स्वयंपाकघरभर फिरलं, मग तुरुतुरु धावत जिन्याच्या पायथ्याशी गेलं आणि वर बघत बसलं. रोज सकाळी लव्हॉन खाली येईपर्यंत ते तिथेच बसायचं. शेपटी फरशीवर आपटत होती.

"गप रे, कोणी नाहीये वर," म्हणत एलरॉय उठला, आणि ओव्हनजवळ पोचता पोचता थबकला.

उबदार वास होता. कानामागचा, कॉलरचा, टँकर लावून घरी आल्यावर तिच्या मानेत नाक खुपसलं की यायचा तो.

त्याने बाटली हातात घेतली. झाकणाच्या कडेला बोटाचा तपकिरी डाग वाळला होता, एकाच बोटाचा.

"सांगायचं तरी, बाई," तो जिन्याकडे बघून म्हणाला. "एवढा महागाचा सेंट आणत होतो मी."

मग तो जाऊन खालच्या पायरीवर बसला. कुत्र्याने जरा सरकून त्याला जागा दिली.