आबांची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. आकाराने काजूएवढे, रंगाने मळकट. सध्या कपाटाच्या खणात एका तुटक्या चष्म्याशेजारी पडून असतो. तक्रार करायला मला तोंड नाही.

कारखान्यातून निघून आबांच्या कानामागे बसलो, तेव्हा केवढी ऐट होती माझी! आबा एका मोठ्या पुढाऱ्याचे निवृत्त स्वीय सचिव. माझ्यामुळे त्यांना नातीचे गाणे आणि आजींची कुरकुर पुन्हा ऐकू येऊ लागली. आजी दर आठवड्याला आठवणीने माझी बॅटरी बदलत.

मग दर गुरुवारी एक लेखिका येऊ लागल्या. त्यांना आबांच्या त्या पुढाऱ्यावर, म्हणजे साहेबांवर, पुस्तक लिहायचे होते. कोणाचे तिकीट कसे कापले, कोण कोणाच्या पाया पडले, हे आबा तिखटमीठ लावून सांगत. पण कचेरीतल्या टंकलेखकाचा विषय निघाला की त्यांचे बोट हळूच माझ्या कळीवर येई. मला बंद करून ते म्हणत, “बॅटरी गेली.”

गोष्ट अशी होती. साहेबांचे एक गुप्त पत्र वर्तमानपत्रात छापून आले होते. साहेबांच्याच सांगण्यावरून आबांनी ते स्वतः नेऊन दिले होते. बोभाटा झाल्यावर मात्र टंकलेखकाचे नाव पुढे केले. बिचाऱ्याची नोकरी गेली आणि फितुरीचा डाग घेऊनच तो मेला. दाढी करताना आबा हे आरशाशी पुटपुटत, म्हणून मला ठाऊक. तरी दर गुरुवारी मी त्यांच्या खोट्याला साथ दिली. आजही त्याची लाज वाटते.

एकदा कळ दाबायच्या आधीच आबा “बॅटरी गेली” म्हणाले, तोच आजी चहा घेऊन आल्या आणि सहज बोलून गेल्या, “अहो, सकाळीच तर नवी घातलीय.” लेखिका कपात बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यानंतर आबांनी आजींना माझ्या बॅटरीला हात लावायला बंदी केली.

पुढे एका गुरुवारी लेखिकेबरोबर टंकलेखकाची मुलगी आली. पन्नाशीची, शाळेत शिकवणारी. आबांचे बोट कळीपर्यंत गेले आणि तसेच खाली आले.

“ते पत्र मी दिलं होतं,” ते म्हणाले. “तुमच्या वडिलांनी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. पुस्तकात माझ्या नावासकट लिहा.”

त्या शिक्षिका बाईंचे ओठ हलू लागले, आणि नेमकी तेव्हाच माझी बॅटरी खरोखर संपली.

आबा घाबरून म्हणाले, “बॅटरी गेली.” तो बहाणा बाईंनी लेखिकेकडून ऐकलेला असावा. त्यांनी आबांकडे क्षणभर पाहिले, पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या.

पुस्तक आले. टंकलेखकावरचा डाग पुसला गेला. त्या दिवशी बाई काय बोलल्या, हे आबांनी लेखिकेला कितीदा तरी विचारले. त्यांचे उत्तर एकच, “ते त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. मी कशी सांगू?” आबा ते न कळताच गेले. मी तर कानाशीच होतो, पण मलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना ओल लागू देऊ नका, बॅटरी वेळेवर बदला. आणि चालू यंत्राला बंद म्हणू नका. ते खरेच बंद पडेल, तेव्हा तुमचे कोणाला खरे वाटणार नाही.