मनस्वीचा सत्कार

सरकारी साहेब पाहणीला येणार म्हणून जगनशेटनी कारखान्यातली टेबलं हलवली आणि मांडव घातला. अहो, पाहणी कामाची होती, लग्नाची नव्हे!

मी किशोरी, कोन गावच्या मनस्वीची कामावरची सोबती. मनस्वी चोवीस वर्षांची. सरकारी भाषेत बौद्धिक दिव्यांग, माझ्या भाषेत हट्टी. पनवेलला जगनशेटच्या मसाल्याच्या कारखान्यात ती पाकिटं भरते. एक काम झालं की पुढचं काय, हे तिला शेजारून सांगावं लागतं. आता वजन, आता सील. एवढं सांगा, मग बाई कुणाला आवरत नाही. त्या सांगण्याचा पगार मला सरकार देतं. साहेबांनी काम पाहून 'चालू ठेवा' म्हटलं तर मी राहणार. मी गेले तर तिचीही नोकरी गेली.

"शेट, टेबलं कुठायत?" मी ओरडलेच.

"गोदामात. सायेब येनार नि त्यांना मिरचीच्या खकान्यात उभं करू? नाय शोभत, मॅडम."

मनस्वीला नवी साडी, शाल, हातात नारळ. खुर्चीत बसवली. दोनदा ती उठून गोदामाकडे निघाली. निवेदिका माइकवरून लाडात म्हणाली, "बस गं बाळा, आज तुझा मान आहे!" तिसऱ्यांदा तिने पेढ्यांचा बॉक्स ओढला आणि मसाल्याच्या रिकाम्या पाकिटात पेढे भरायला लागली. मी 'आता वजन' म्हणणार, तोवर शेटनी बॉक्सच काढून घेतला.

साहेब आले. भाषणं झाली. शेटचा मेव्हणासुद्धा बोलला. त्यांचं ऐकावं तर मनस्वीने हिमालय तेवढा चढायचा बाकी ठेवला होता.

मी साहेबांना गाडीपाशी गाठलं. "साहेब, पाच मिनिटं गोदामात चला. तिचं काम बघा."

"काम येतं तिला?"

"येतं की!"

"मग सोबती कशाला?"

"सोबतीशिवाय नाही जमत."

"म्हणजे येत नाही." साहेब गाडीत बसले. "मी तर तिला बसलेलीच पाहिली. बसायला कुणी सोबत लागत नाही, मॅडम. चला, खारघरला अजून एक सत्कार आहे."

झालं! माझा पगार बंद.

शेटना खरंच वाईट वाटलं. "तुमी नाय तर पोरीला सीलच्या मशिनपाशी कशी उभी करू? हात भाजला तर? पन सत्काराला दरवर्षी बोलवनार, शब्द हाय आपला." असा संताप आला ना मला!

मनस्वीला सांगायचं काम माझ्याच गळ्यात. कोनला गेले तर ती ॲप्रन घालून दारात उभी. मी म्हणाले, "मनू, आता कामावर नाही जायचं."

तिने माझा हात घट्ट धरला.

"ताई, शेटना सांगा ना. मी परत खुर्चीवरून नाय उठनार."