नाकवाल्यांचा मेळावा

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या माणसाला स्वतःची नजर दोन्ही कडांनी बुजत चालली आहे हे कळायला आठ महिने लागले. दिवसभर गिऱ्हाइकांना "खालची ओळ वाचा" म्हणणारा हा गृहस्थ घरी आला की दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा आणि सुताराच्या नावाने बोटं मोडायचा. शेवटी डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या बरोब्बर मागे, पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आली होती आणि ती डोळ्यांच्या नसा दाबत होती. ही गाठ नाकपुडीतून काढतात. बाहेरून एक टाकासुद्धा दिसत नाही.

या सोयीचा त्याने पुरेपूर फायदा घेतला. घरात तो आणि मोठी बहीण, दोघंच. ताईला त्याने सांगितलं की नाकातलं हाड वाढलं होतं, ते काढून घेतलं. ताईला ते पटलंही, कारण लहानपणापासून तो इतका घोरायचा की नाकात काहीतरी घोळ आहे याची तिला खात्रीच होती.

गाठ गेली, पण ग्रंथी रुसली ती रुसलीच. ताप, उलटी, अपघात अशा प्रसंगी शरीराला सावरून धरणारं जे संप्रेरक असतं, ते आता रोज गोळीतून घ्यायचं होतं, जन्मभर. गोळी पोटात टिकली नाही तर मांडीत इंजेक्शन, तेही लगेच, नाहीतर खेळ खलास. ताईच्या लेखी मात्र त्या गोळ्या म्हणजे शक्तीचं औषध होतं, आणि ते लागू पडत नव्हतं. "काचा पुसतोस, त्याही बसून. आणि दमतोस असा की जसा डोंगर फोडून आलास," असं ती रोज संध्याकाळी ऐकवायची. तो पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा. तीन वर्षं त्याने तिला ताकास तूर लागू दिली नाही.

याला तो त्याग म्हणायचा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईने सात वर्षं काढली होती आणि त्या सात वर्षांत तिचं ठरलेलं लग्नही मोडलं होतं. आता आपलं दुखणं तिच्या गळ्यात घालायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. तिला विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. थोर माणसांना असल्या बारीकसारीक गोष्टी सुचत नाहीत.

महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत पिट्युटरीवाल्यांची बैठक भरायची. तिथे तो "चष्म्यांचा नवा कोर्स" करायला जायचा. बैठकीचा कारभार मास्तरीणबाईंकडे होता. त्यांची ग्रंथी वाढीचं संप्रेरक उधळत सुटली होती, त्यामुळे चाळिशीनंतर बाईंचे हातपाय वाढले. निवृत्त झाल्या तरी अख्ख्या खोलीला त्या अजून चौथीचा वर्गच समजत. दाराशी पाणीवाला बसायचा. त्याचं शरीर पाणी धरून ठेवत नसे, म्हणून दोन मोठ्या बाटल्या कायम मांडीशी आणि नजर कायम स्वच्छतागृहाकडे. खिडकीशी वकीलसाहेब. ग्रंथी बिघडली तरी त्यांचं तोंड शाबूत होतं. बाकी दहाबारा जण. इथे कुणी कुणाला "तुम्हाला काय झालंय, दिसायला तर धडधाकट आहात" असं म्हणत नसे, एवढ्या एका सुखासाठी लोक दोन-दोन तास प्रवास करून येत.

बैठकीचा एक नियम होता. प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं आणि त्या माणसाने संत्र्यावर इंजेक्शन द्यायला शिकायचं. कुणी नवरा आणला, कुणी सून, पाणीवाल्याने तर घरमालक आणला. आणलं नव्हतं ते फक्त चष्मेवाल्याने.

"पुढच्या वेळी घरचं माणूस आलं नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, "तर मी तुमच्या घरी येईन. आणि मी हळू बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

इथे घोडं पेंड खात होतं. बरीच डोकेफोड करून त्याने एक अफलातून बेत आखला. ताईला सांगितलं, नाकाचं ऑपरेशन झालेल्यांचा मेळावा आहे. नाकातून रक्त आलं तर द्यायचं एक इंजेक्शन शिकवतात, तू फक्त शिकून घे. म्हणजे तिला कळणार नाही, आणि वेळ आली तर टोचताही येईल. या बेतावर तो इतका खूश होता की त्यातली भोकं त्याला दिसलीच नाहीत.

"नाकवाल्यांचा मेळावा?" ताई म्हणाली. "मग कानवाल्यांचा कधी असतो?" पण ती आली.

त्या दिवशी पहाटेपासून त्याचं पोट बिघडलं होतं. गोळी घेतली, ती उलटून पडली. दुसरी घेतली, तीही. नियम त्याला तोंडपाठ होता, गेल्याच महिन्यात त्याने तो एका नव्या पेशंटला ऐटीत समजावून सांगितला होता. पण ताईसमोर स्वतःच्या मांडीत सुई खुपसायची म्हणजे तीन वर्षांच्या थापा मांडीवरच उघड्या पडायच्या. बैठक तर गाठू, पुढचं पुढे, असं म्हणून तो निघाला.

वाचनालयाचा जिना चढून तो खोलीत शिरला, मास्तरीणबाईंना म्हणाला, "या माझ्या ताई," आणि टेबलावरच्या संत्र्यांसकट खाली आला.

आता त्या खोलीत चौदा पेशंट होते. बहुतेकांच्या पिशवीत तेच इंजेक्शन होतं. जगात कुठेही कोसळण्यापेक्षा इथे कोसळणं भाग्याचं, असं कुणालाही वाटेल. चष्मेवाल्यालाही वाटलं. फरशीवर गाल टेकून, घामाने थबथबून, तो पुढचं ऐकत राहिला.

"तुम्ही द्या."

"मी? छे छे, तुम्ही ज्येष्ठ आहात."

"कुपीवरची तारीख बघा आधी!"

"मुळात संमती घेतली पाहिजे," वकीलसाहेब म्हणाले. "रुग्ण शुद्धीत आहे का, हा पहिला मुद्दा."

पाणीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी त्याने तेवढ्यात फोन करून रुग्णवाहिका बोलावली. मास्तरीणबाईंनी कुपी दाबली, हलवली, औषध सिरिंजमध्ये ओढलं. सगळं चोख केलं. मग गुडघ्यावर बसल्या आणि सिरिंज त्या भल्यामोठ्या हातात तशीच धरून थांबल्या.

"मी नुसतं संत्र्यावर केलंय हो," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच हळू बोलल्या. "संत्रं कण्हत नाही."

"कुठे टोचायचं?" ताईने विचारलं.

"मांडीच्या बाहेरच्या बाजूला. पण तुम्हाला अजून शिकवलं नाही..."

"पँटवरून चालतं?"

"चालतं."

ताई एका कारखान्यात सोफ्यांना कापड चढवायची. जाड कापडातून सुई घालण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. तिने भावाची मांडी डाव्या हाताने घट्ट धरली, सुई सरळ आत घातली, सावकाश औषध सोडलं आणि रिकामी सिरिंज वकीलसाहेबांच्या हातात दिली. "धरा. तेवढीच मदत."

दुपारी इस्पितळात सलाईन चालू होतं. त्याला बरीच तरतरी आली होती, आणि तरतरी आल्याबरोबर भीतीही. ताई खाटेशी स्टुलावर बसली होती. मास्तरीणबाई रुग्णवाहिकेतून सोबत आल्या होत्या आणि वाटेत त्यांनी, हळू न बोलता, तिला सगळं सांगितलं होतं.

"नाकातलं हाड," ताई म्हणाली.

"नाकातूनच काढली गं गाठ. तेवढं खरं होतं."

ती हसली नाही.

"आईचं तू सात वर्षं केलंस," तो पुढे म्हणाला. "परत तेच तुझ्या वाट्याला नको म्हणून..."

"आईचं केलं ते मला ओझं झालं, असं तुला कोण म्हणालं?"

कुणीच म्हटलं नव्हतं.

"आजच्यासारखा घरात पडला असतास तर?" ताई म्हणाली. तिचा आवाज कारखान्यातल्या मुकादमाला दम देतानाचा होता, पण डोळे घळघळा वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. "मी काय केलं असतं, सांगू? दारात उभी राहून ओरडले असते, ऊठ आळशा, किती लोळशील म्हणून. तू मरत असतास आणि मी तुला टोमणे मारत असते. ते घेऊन मी पुढे कशी जगले असते, याचा तरी विचार केलास का रे?"



"नाही केला," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.