सगळं एकदम

एब्बे लोडबर्गने सही केली की विमान उडणारच, असं लिमफियोर्ड खाडीच्या काठावरच्या, घरी बांधलेली छोटी विमानं उडवणाऱ्यांच्या त्या क्लबात सगळे धरून चालत. नवख्याचं पहिलं विमान दुसऱ्या सभासदाने तपासायचं, कागदावर सही करायची, मगच ते पाण्यावरून न्यायचं, असा तिथला नियम होता. एब्बेचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेला. त्यामुळे तपासायला सगळे त्यालाच बोलावत, आणि हा मान त्याला मनापासून आवडे.

या शनिवारची नवखी म्हणजे विबेके. शाळेच्या खानावळीत सव्वीस वर्षं स्वयंपाक करून निवृत्त झालेली बाई. हिवाळाभर खपून तिने फोमच्या पंखांचा ड्रोन बांधला होता. तो जागच्या जागी सरळ वर चढायचा आणि मग पुढच्या दोन मोटरी झुकवून विमानासारखा निघायचा. ते झुकणंच नाजूक. त्या क्षणी काही बिनसलं, तर खाली थंडगार फियोर्ड.

"मोटरी बेताच्याच घेतल्यास," एब्बे म्हणाला.

"आधी अख्खा ड्रोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला आणि मग घेतल्या. दुकानदार मोठ्या गळ्यात मारत होता."

एब्बेने वही चाळली. प्रत्येक मोटर पाच मिनिटं चालवून किती तापली, ते तिने मांस भाजताना खुपसायच्या थर्मामीटरने मोजून लिहिलं होतं. पहिल्यांदा बॅटरी जोडताना मध्ये गाडीचा बल्ब लावला होता. बल्ब क्षणभर चमकून विझला, म्हणजे आत कुठे शॉर्ट नाही. अशी तपासणी एब्बेने क्लबातल्या जुन्या खोडांकडेही पाहिली नव्हती. त्याने खुशीत पेनाचं टोपण काढलं.

"थांब रे," विबेके म्हणाली. "सगळं एकदम चालवून कुठे पाहिलंय?"

"एकेक चालतंय ना? झालं तर मग."

"माझ्याकडे एकेक भट्टी झकास चालायची. साडेअकराला सगळ्या लावल्या की फ्यूज उडायचा आणि दीडशे पोरं माझ्या नावाने ओरडायची. चल, पेन ठेव आणि शेपटीची हलणारी पाती दाबून धर. वर वारा काही त्यांना मोकळं सोडणार नाही."

"बरं बाई, तू म्हणशील तसं."

मोटरींवरचे पंखे सुरक्षेसाठी काढलेलेच होते. एब्बेने हसत पाती दाबली. विबेकेने चारही मोटरी चालू केल्या, पुढच्या दोन झुकवल्या आणि पातीही हलवली. तोच ड्रोनचा मेंदू असलेल्या फ्लाइट कंट्रोलरचा दिवा विझला. सगळं गप्प. दोन सेकंदांनी तो पुन्हा लागला आणि नुकतंच जागं झाल्यासारखं ते यंत्र टिवटिवलं.

हवेत असतं तर दगडासारखं पडलं असतं. पाती हलवणाऱ्या आणि मोटरी झुकवणाऱ्या छोट्या सर्वो मोटरी जोर पडताच कंट्रोलरच्याच तोंडची वीज ओढत होत्या, हे एब्बेला तिथल्या तिथे कळलं. आणखीही एक गोष्ट कळली. गेल्या शरदात त्याचा स्वतःचा ड्रोन नेमका झुकताना फियोर्डात गेला होता. पश्चिमेच्या वाऱ्याने घात केला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. त्या किनाऱ्यावर वाऱ्यावर शंका कोण घेणार!

सर्वोंना वेगळा वीजपुरवठा जोडायला दोघांना अर्धा तास लागला. मग सगळं एकदम चालू असताना त्याने जोर लावून पाती दाबली, तीनदा. दिवा विझला नाही. त्याने सही केली.

दुपारी विबेकेचा ड्रोन वर चढला, झुकला आणि पाण्यावरून असा सुरेख निघाला की एब्बेचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत कुणाचं पहिलं विमान त्याला इतकं आवडलं नव्हतं.

कॉफीच्या टेबलावर कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "एब्बेने तपासलं म्हणजे प्रश्नच नाही!"

विबेके मान खाली घालून केक कापत होती. ती काही बोलणार नाही, हे उघड होतं. एब्बेने कप खाली ठेवला.

"मी तर सही करून मोकळा होत होतो," तो म्हणाला. "चूक हिने पकडली. आणि माझा ड्रोन वाऱ्याने पडला नव्हता. मी तो असा कधी तपासलाच नव्हता."

विबेकेने केकचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्या बशीत ठेवला. "नवा बांधशील तेव्हा बोलाव," ती म्हणाली, "पाती मी दाबेन."